आंबट नणंद, गोड गोड जाऊ

गच्चीच्या फरशीवर पहिली बादली पडली आणि दिवसभराचं ऊन वाफ होऊन उठलं. पिपाणी अनवाणीच होती. ओल्या फरशीवर पाऊल टेकवायचं, चटका बसला की उचलायचं, असं करत ती कठड्यापर्यंत गेली आणि खाली डोकावून आली. रस्त्यावर दिवे लागायचे होते. समोरच्या इमारतीतल्या खिडक्या एकेक करून उघडत होत्या. कपाळावरचा घाम पुसावा, धुतलेला शर्ट घालावा, कुणाचा तरी हात धरून उंचावर जाऊन बसावं आणि गार काहीतरी प्यावं, यापलीकडे त्या संध्याकाळी शहराला काही नको होतं.

पिपाणीला मात्र हवं होतं. तिला काउंटर हवं होतं.

ते होतं आत्याचं. घरातले तिला थोरली म्हणत, गिऱ्हाइकंही थोरलीच म्हणत. शिसवाच्या जाड फळीमागे ती उभी राहिली की गच्चीवरचं वारंसुद्धा तिला विचारून वाहतं, असं पिपाणीचा बाप म्हणायचा. थोरलीचा हा धाकटा भाऊ केस पिकले तरी धाकटाच राहिला होता. तो खालच्या मजल्यावर स्वयंपाकघर सांभाळायचा. वर थोरलीच्या बाटल्या आणि खाली धाकट्याच्या कढया. मधल्या जिन्यावर सगळं कुटुंब लहानाचं मोठं झालं.

गेल्या आठवड्यात त्याच जिन्यावर, हातातली बर्फाची पिशवी खाली ठेवत, थोरलीने सांगून टाकलं होतं. "हा उन्हाळा मी काउंटरमागे काढणार नाही. मनगट ऐकत नाही, आणि ऐकलं तरी मला आता ऐकवायचं नाही. माझा हात मी दोघांना शिकवलाय. माझ्या पोराला आणि पिपाणीला. ज्याच्या ग्लासात मी सापडेन, काउंटर त्याचं."

म्हणून आज दिवेलागणीला, गिऱ्हाईक वर यायच्या आत, दोघांनी एकेक 'तिघी' बनवायची होती.

'तिघी' म्हणजे या गच्चीची ओळख. जिन, लिंबू, साखरेचा पाक, चुरडलेला पुदिना, वरून सोडा. जगात कुठेही मिळेल असं कॉकटेल, पण लोक त्यासाठी इथले जिने चढून येत. आणि या बारमध्ये मापाची वाटी नव्हती. कधीच नव्हती. गच्ची पहिल्यांदा उघडली तेव्हा ती आणायची राहून गेली, वर माणसांची झुंबड उडाली, आणि थोरलीने ऐन वेळी गाण्याचं माप धरलं. आईच्या तोंडून ऐकलेल्या ओव्यांच्या वळणावर स्वतःच बांधलेलं गाणं:

*ये गं धारे ये गं, पाऊल जपून,*
*काचेच्या घरात, बस तू लपून.*
*आंबट नणंद, गोड गोड जाऊ,*
*एका घरात गं, तिघी मिळून राहू.*

पहिल्या दोन ओळी संपेपर्यंत जिनची धार. 'आंबट नणंद' म्हणेपर्यंत लिंबू. 'गोड गोड जाऊ'ला पाक. शेवटची ओळ शेकर हलवताना. ओळ तुटली की धार तुटली. वाटी पुढे विकत आणता आली असती, पण तोवर गाण्याची चव लागली होती, घरालाही आणि गिऱ्हाइकालाही.

पिपाणीने लिंबं कापायला घेतली आणि ओठातल्या ओठात गाणं म्हणून पाहिलं. आत्याच्या शेजारी उभी राहून ती ते शिकली होती, अगदी श्वाससुद्धा आत्या घेते तिथेच घ्यायचा. बरोबर येत होतं.

"गाते आहेस की रडते आहेस?" मागून आवाज आला.

साहेब आला होता. थोरलीचा मुलगा. शाळेत असताना नाटकात टाय बांधला होता आणि तो आठवडाभर सोडला नव्हता, तेव्हापासून साहेब. काउंटरमागे आईच्या हाताखाली तयार झाला, मग मोठमोठ्या हॉटेलांत मॅनेजरी करत लांब लांब राहिला. आता बायकोला घेऊन कायमचा परतला होता. बायको नाच शिकवायची. तिच्या वर्गातली पोरं तिला घाबरायची आणि ती सासूला.

"दादा, तू ये आधी नीट, मग टोमणे मार," पिपाणी म्हणाली. "घामाने शर्ट चिकटलाय बघ. साहेबाचं पार लोणी झालं."

"वितळलो तरी चव आईचीच देणार."

"बघू की."

"बघायचंय काय त्यात? तू दुडदुडत होतीस तेव्हा मी इथे बाटल्या उडवत होतो."

"आणि फोडतही होतास," सूनबाई जिन्याच्या तोंडाशी धाप टाकत म्हणाली. "आईंनीच सांगितलंय मला."

पिपाणी खळखळून हसली. वहिनी आपल्या बाजूने आहे की नुसतीच नवऱ्याच्या विरुद्ध आहे, हे तिला अजून कळलं नव्हतं. पण आज जे मिळेल ते घ्यायचं.

*

धाकटा वर आला तो एप्रनला हात पुसत. या संध्याकाळी वर यायचं त्याच्या जिवावर आलं होतं. एकीकडे पोटची पोरगी, दुसरीकडे भाचा, आणि मध्ये अक्का. कुणाची बाजू घेतली तरी रात्रीचं जेवण कडू होणार.

आणि त्याच्या मनात दुसरंच काही सलत होतं. ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. गेली काही वर्षं ताटं अर्धी परत येत होती. कोंबडी तीच, भट्टी तीच, रोज पहाटे बाजारातून स्वतः निवडून आणलेले मासे. लोक मागवत, दोन घास खात आणि खुर्चीत मागे रेलत. त्याने मीठ बदललं, तिखट वाढवलं, मग कमी केलं. रात्री उष्ट्या ताटांकडे बघत बसायचा आणि वाटायचं, हात गेला आपला. अक्काचं मनगट दुखतंय हे सगळ्यांना दिसलं. त्याचं दुखणं परत आलेल्या ताटात होतं, तिथे कोण बघतो?

"ये, बस," थोरली म्हणाली. ती काउंटरकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसली होती. पाठ ताठ, केसांत एक चांदीची पिन. "तू पण चाखायचंस. जिभेचा तूच राजा."

"राजा नको म्हणूस अक्का. राज्य गेलेला असेन."

"काय?"

"काही नाही. चाखतो."

काउंटरमागे बर्फ वाजला. साहेब आणि पिपाणी पाठीला पाठ लावून उभे राहिले. दोघांचे ओठ हलत होते, आवाज बाहेर येत नव्हता. धाकट्याने पोरीकडे पाहिलं. बाटली धरलेला तिचा हात एवढा स्थिर होता, की त्याला उगाच भरून आलं. तिच्या आईचा हात असाच होता.

सूनबाईने दोन ग्लास ट्रेमध्ये ठेवले, जागा अदलाबदल केल्या आणि थोरलीपुढे आणले. "आई, डावा आधी घ्या."

थोरलीने घोट घेतला. तोंडात फिरवला. तिचे डोळे मिटले आणि उघडले तेव्हा त्यांत एकदम तरणं काहीतरी होतं. "ही माझी," ती म्हणाली.

काउंटरमागे साहेबाने मूठ आवळली, आनंदाने.

"उजवा राहिलाय, आई."

तिने उजवा उचलला. घोट घेतला. पुन्हा घेतला. भुवया जवळ आल्या.

"हीपण माझीच."

"अगं असं कसं?" साहेब बाहेर आला. "एक कुठली तरी असेल ना?"

"मला काय विचारतोस? जीभ सांगते ते सांगते."

"मामा, तू चाख."

धाकट्याने डावा ग्लास घेतला. पहिल्या घोटाला गार, हलकं, तरतरीत. दुसऱ्या घोटाला त्याच्या पोटात काहीतरी हललं. भूक! खरीखुरी, पोरवयातली भूक. त्याने उजवा घेतला. जड, गोड, दमदार, अर्ध्या ग्लासात खांदे सैल व्हावेत असा. पोट म्हणालं, बस, आता काही नको.

त्याने ग्लास खाली ठेवला. आपण काय बोलणार आहोत हे त्याला आधीच कळलं आणि पोरीकडे बघवेना.

"डावा," तो म्हणाला. "अक्का, तुझी 'तिघी' म्हणजे डावा."

"बाबा!" पिपाणी ओरडली, आणि नाव सार्थ झालं.

"खोटं कसं बोलू गं?"

"उजवा!" दोन्ही ग्लासांतला एकेक घोट घेऊन सूनबाई तेवढ्याच ठामपणे म्हणाली. "मी या घरात आल्यापासून आईंच्या हातची 'तिघी' प्यायले ती हीच. डावी म्हणजे सरबत."

"तू माझ्या विरुद्ध?" साहेबाने बायकोकडे पाहिलं.

"मी जिभेच्या बाजूने."

"चाळीस जणांच्या चाळीस जिभा असतात!"

"मग परीक्षा कशाला घेतलीत?"

बाप पोरीच्या विरुद्ध, बायको नवऱ्याच्या विरुद्ध. धाकट्याला वाटलं, बरं झालं, कडू झालं तर सगळ्यांचंच होईल.

*

सूनबाई काउंटरवर कोपरं टेकून उभी होती. घरात जन्मलेल्या माणसांना गाणं येत होतं, तिला कुणी शिकवलं नव्हतं. लग्न झालं तेव्हा थोरलीने एवढंच सांगितलं होतं, "ऐकत जा, येईल तेव्हा येईल." ती ऐकत आली होती. आणि कान तर तिचा धंदाच होता. वर्गात वीस पायांतला एक पाय चुकला तरी तिला पाठमोरं कळायचं.

"दोघांनी मोठ्याने म्हणा," ती म्हणाली. "बाटली हातात घेऊन. एकदम सुरू करा."

"नाच बसवतेस का आमचा?" साहेब म्हणाला, पण त्याने बाटली उचलली.

"एक, दोन, हं."

*ये गं धारे ये गं* दोघांनी बरोबर धरलं. *पाऊल जपून*पर्यंत साहेब पुढे निघाला. पिपाणी *काचेच्या घरात* शिरत होती तेव्हा तो *आंबट नणंद*शी पोचला होता. तो *तिघी मिळून राहू* म्हणून थांबला, आणि तिची जाऊ अजून गोडच होत होती.

"बघ, तू ताणतेस!" साहेब म्हणाला.

"तू खातोस! अर्धी ओळ गिळून टाकलीस!"

"मी आईकडून शिकलोय!"

"मी काय शेजारणीकडून शिकले?"

"गप्प," सूनबाई म्हणाली. वर्गातला आवाज तिने या घरात पहिल्यांदा लावला होता आणि दोघंही खरंच गप्प झाले. मग तिला स्वतःचीच भीती वाटली आणि आवाज खाली आला. "आई... तुम्ही म्हणता का एकदा?"

थोरली उठली. "त्यात काय," म्हणाली. तिने बाटली घेतली नाही, नुसती बोटं धरली, जशी धार धरायची असते तशी. आणि म्हणाली.

गच्चीवर ओली फरशी थंड होत आली होती. खालून एक सायकल घंटी वाजवत गेली. थोरलीचं गाणं पिपाणीच्याही गाण्यापेक्षा सावकाश होतं. *काचेच्या घरात*नंतर ती श्वास घेत होती, आणि तो श्वास गाण्याचाच भाग असल्यासारखा आत बाहेर होत होता, आणि तेवढा वेळ तिची बोटं धार धरून होती.

सूनबाईला बोलायचं नव्हतं. पण आता तिच्याशिवाय बोलणार तरी कोण?

"दोघंही तुमचंच गातात, आई," ती म्हणाली. "हे शिकले तेव्हा तुम्ही तिशीत होतात. पिपाणी आता आता शिकली. ग्लास तेवढाच आहे. धार लांबली की वर सोड्याला जागा उरत नाही, एवढंच."

*

एवढंच, म्हणाली पोरगी. थोरलीने ऐकलं आणि कठड्याला हात टेकला.

ती तिशीतली बाई कोण होती? तिला आठवेना असं नव्हतं, चांगली आठवत होती. कडेवर पिपाणी, एका हाताने शेकर, जिना चढताना दोन दोन पायऱ्या. गिऱ्हाईक एवढं की गाणं धावायचं. मग पोरं मोठी झाली, माणसं ओळखीची झाली, संध्याकाळी लांबल्या, श्वास लांबला. गाणं कधी बसायला लागलं, कधी टेकायला लागलं? ती रोज तेच तर म्हणत होती. आपल्याच घरातलं घड्याळ मागे पडत जावं आणि आपण रोज त्यालाच विचारून चालावं, असं झालं.

"मला सांगितलं का नाही कुणी?" ती म्हणाली.

"गिऱ्हाईक का सांगेल?" साहेब म्हणाला. "त्याच पैशात जास्त मिळत होतं."

आधी पिपाणीला हसू फुटलं. मग सूनबाईला. ते दाबायचा प्रयत्न झाला आणि त्यानेच ते वाढलं. थोरलीने एकेकाकडे डोळे वटारून पाहिलं आणि मग तिचेच खांदे हलायला लागले.

फक्त धाकटा हसत नव्हता. तो डावा ग्लास हातात घेऊन उभा होता आणि त्याचा चेहरा कसासाच झाला होता.

"ताटं," तो म्हणाला.

"काय?"

"अर्धी ताटं परत येतात अक्का. कधीपासून येतात. मला वाटलं माझा हात गेला." त्याने ग्लास वर धरला. "ही प्यायल्यावर मला भूक लागली. ती प्यायल्यावर गेली. एवढं जड पिऊन वर माझी कोंबडी कोण खाणार?"

थोरलीचं हसू तिथेच थांबलं. ती भावाजवळ गेली आणि त्याच्या एप्रनची सुटलेली गाठ मागून बांधायला लागली, जशी त्याच्या लहानपणी चड्डीची नाडी बांधायची.

"वेड्या. बोलायचंस तरी."

"काय बोलणार? तुझं बरं चाललं होतं."

"माझं कसलं चाललं होतं! मी चालत होते, गाणं झोपत होतं." तिने गाठ घट्ट ओढली. "हात गेला म्हणे. तुझ्या हाताची कोंबडी उद्या मी सगळ्यांसमोर दोन ताटं खाऊन दाखवते."

पिपाणी काउंटरवरून हे सगळं बघत होती. हसून झालं होतं आणि तिला आता बापाचा राग येत नव्हता. पण काउंटरचं काय? परीक्षा फसली होती. आत्या दोन्ही ग्लासांत सापडली होती, म्हणजे कुणाच्याच नाही. आणि जिन्यात पावलं वाजली.

"आई," साहेब घाईने म्हणाला, "आता काय ठरवायचं?"

"आता गिऱ्हाईक," थोरली म्हणाली. "दोघंही उभे राहा."

*

गच्ची बघता बघता भरली. उकाड्याने सगळ्यांना घराबाहेर हाकललं होतं. टेबलांवर काचेच्या चिमण्यांत ज्योती लागल्या, खुर्च्या सरकल्या, कुणी गळ्यातली ओळखपत्रं काढून खिशात कोंबली, कुणी केस वर बांधले. एक बाई आल्या आल्या बर्फाचा तुकडा मागून मानेवर फिरवत बसली आणि तिचा नवरा तिच्याकडे असा बघत राहिला की जणू लग्न कालच झालंय. कठड्याजवळ पाच सहा मैत्रिणी एकमेकींच्या ग्लासातलं चाखत "हे माझ्यापेक्षा भारी आहे, दे इकडे!" करत होत्या.

साहेबाने शेकर उचलला. गाणं ओठांवर आलं आणि हात धावायला लागला, तीच जुनी धाव. छान वाटलं. मग त्याने बाजूला पाहिलं.

पिपाणी हात न लावता उभी होती. टेबलांकडे बघत होती.

"अगं, ऑर्डर आहे!"

"दादा, खांबाजवळचे दोघं कोण आहेत?"

"मला काय माहीत?"

"तुला माहीत असतं. बघ ना."

साहेबाने पाहिलं. मॅनेजरीत त्याने दुसरं केलंच काय होतं? माणूस दारात उभा राहिला की तो किती भुकेला, किती भांडलेला, कुणावर छाप पाडायला आलेला, हे त्याला खुर्ची ओढेपर्यंत कळायचं. "दवाखान्यातून थेट आलेत," तो म्हणाला. "तिच्या बुटांवरून वाटतं. दिवसभर उभे होते. जेवतील दोन घास, पण आधी त्यांना बसायचंय."

"मग सावकाश." पिपाणीने बाटली तिरकी केली आणि आत्याच्या आत्ताच्या चालीत गाणं म्हटलं, श्वास घेत, टेकत. "आणि त्या मैत्रिणी?"

"त्या उपाशी आहेत. आणि गप्पा लांब चालणार."

"मग धावू दे." गाणं धावलं. साहेब बघत राहिला. त्याची स्वतःची धाव, तंतोतंत, तिच्या ओठांवर. आत्ताच तर एकदा ऐकली होती तिने.

"हे कसं केलंस?"

"आत्याने मला गाणं शिकवलं. कुणासाठी म्हणायचं ते बघायला लागेल ना आता? पहिला ग्लास दमलेल्याचा, दुसरा जेवणाऱ्याचा. एकाच माणसालाही दोन चालींत देता येईल."

साहेबाने एकदा करून पाहिलं. सावकाश म्हणायला गेला, तर शब्द सावकाश झाले आणि हात आपल्या जुन्या वेगाने पुढे. जिन ग्लासाबाहेर. पुन्हा केलं. पुन्हा बाहेर. काउंटरवर थारोळं झालं.

"दादा, ग्लास इकडे आहे," पिपाणी म्हणाली.

"दिसतोय मला."

त्याने फडकं घेतलं आणि पुसत पुसत स्वतःलाच विचारलं, की आपल्याला हे हवं का होतं? लहानपणी फळीच्या खालून आईचे पाय दिसायचे. वर हसू, गाणं, दिवे. तो खाली लिंबाच्या पाट्यांत बसून अभ्यास करायचा आणि ठरवायचा, मोठा झालो की मीही वर उभा राहणार. राहिला होता की. आणि आज, खांबाजवळची ती बाई पहिला घोट घेऊन नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकताना बघून त्याला जे वाटलं, ते फळीमागे उभं राहून कधी वाटलं नव्हतं. ते बघायला जवळ असावं लागतं.

जिन्यातून धाकटा आला. हातात रिकामं ताट. नुसतं रिकामं नव्हे, पुसून घेतलेलं.

"कुणाचं आहे हे?" त्याने ताट वर धरलं.

"मैत्रिणींचं," साहेब म्हणाला. "दुसरं लाव मामा, मागतीलच." आणि त्याने फडकं खांद्यावर टाकलं, ट्रे उचलला आणि फळी उचलून काउंटरच्या बाहेर आला. "पिपाणे, कोपऱ्यातले दोघं भांडलेत. सावकाश दे. दाराशी म्हाताऱ्यांचं टेबल आहे, त्यांना धावती, नाहीतर जिना उतरायला मला धरावं लागेल."

"दादा..."

"नंतर रड. ऑर्डर आहे."

पिपाणी रडली नाही. तिने मान वळवून थोरलीकडे पाहिलं. थोरली काउंटरच्या आतल्या कडेला उभी होती, एक हात अजून शिसवाच्या फळीवर.

"आत्या, मला काउंटर हवंय," पिपाणी म्हणाली. शेकर चालूच होता. "तुझ्यासारखी चव येते म्हणून तुझ्याकडे मागणार होते. आता तसं म्हणता येणार नाही. तरी हवंय. दे."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. पोरगी विनवत नव्हती. खांदे मागे, हनुवटी वर, आणि हात कामात.

"मागतेस काय," थोरली म्हणाली. "तू उभी आहेस तिथे दुसऱ्या कुणाला जागा आहे का? मलाच सरकावं लागतंय."

तिने एप्रन काढला आणि घडी न घालता पिपाणीच्या खांद्यावर टाकला. मग फळीखालून बाहेर आली. दोन पावलं चालून उभी राहिली, कुठे जायचं ते न कळल्यासारखी. सूनबाईने कठड्याजवळची एक खुर्ची ओढून दिली.

"बसा, आई."

"नुसतंच?"

"नुसतंच."

थोरली बसली. पुढे ज्योत, पलीकडे खालचा सगळा रस्ता, दिव्यांनी भरलेला, आणि रस्ताभर माणसं, एका दारातून निघून दुसऱ्यात शिरणारी, हसणारी. एवढी माणसं बाहेर असतात? वारा सुटला होता. तो इकडून असा लागतो, हे तिला माहीत नव्हतं.

साहेब येऊन उभा राहिला, ट्रे छातीशी. "बोला बाई, काय आणू?"

"चावटपणा नको."

"बाई, मागे माणसं उभी आहेत."

"'तिघी' आण."

"कुठली? काउंटरवर विचारतात हल्ली."

थोरलीने विचार केला. खालून भट्टीचा वास येत होता. "जेवायचंय मला," ती म्हणाली. "भरपूर जेवायचंय. सांग तिला."

साहेब गेला. वारा आला, ज्योत हलली, मैत्रिणींचं दुसरं ताट आलं, कोपऱ्यातल्या भांडलेल्या दोघांनी एक ग्लास दोघांत घेतला. थोरलीचा ग्लास आला नाही. तिने मान उंच केली. टेबलावर बोटं वाजवली. शेवटी हात वर केला आणि गच्चीभर ऐकू जाईल असं म्हणाली, "पिपाणे, किती वेळ गं?"

पिपाणीने मान वर केली नाही. "बाई, तुमच्या आधी दोन टेबलं आहेत."

साहेब ट्रेसकट जागीच थांबला. सूनबाईने ओठ चावला. थोरलीने हात खाली घेतला आणि खुर्चीत मागे टेकली.

शेजारच्या टेबलावरच्या एका तरुण बाईने तिच्याकडे झुकून समजुतीच्या सुरात सांगितलं, "इथे जरा वेळ लागतो. पण थांबा तुम्ही, चीज होतं. पहिल्यांदाच आलात वाटतं?"

"हो," थोरली म्हणाली. "पहिल्यांदाच."